ऐकून घेणारे सर

सरांच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. दोन्ही मुलीच. जावई फोनवर एवढ्या मोठ्यानं ओरडत होता, की पलीकडच्या खोलीत अक्कांना सगळं ऐकू गेलं. सर म्हणाले, "बरं." मग काहीतरी कमी पडतंय असं वाटून म्हणाले, "बरं झालं." आणि फोन ठेवला. त्यांची बायको त्याआधीच्या उन्हाळ्यात गेली होती. आपण आजी होणार एवढं तिला कळलं होतं. दोघींची होणार हे कळायचं राहून गेलं.

सर काही रडले-बिडले नाहीत. लोक भेटायला आले, तेव्हा सगळ्यांना पाणी विचारलं, चपला नीट लावून ठेवल्या. दिवस झाल्यावर कॉलेजात रुजू झाले. वनस्पतिशास्त्राचा तास घेतला, पानाचा उभा छेद काढून दाखवला, फळा पुसला. बघणाऱ्याला वाटावं, माणूस सावरला. पण हात झोपेत अंगाखाली आला की तो आपला असून आपला वाटत नाही ना, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. समोरचा बोलायचा, त्याचे ओठ हलायचे, आवाज कानापर्यंत यायचा आणि तिथंच बसून राहायचा. आत कुणी दार उघडतच नव्हतं.

घर बघायला त्यांची थोरली बहीण येऊन राहिली होती, त्याच या अक्का. त्यांचं तोंड सतत चालू.

"अरे, गॅस संपलाय म्हणून सकाळपासून कानीकपाळी ओरडतेय. ऐकलंस का?"

"हं."

"काय ऐकलंस?"

सर त्यांच्याकडे बघत राहायचे.

"मी भिंतीशी बोलले असते तर तिनं निदान माझाच आवाज मला परत दिला असता," असं म्हणून अक्का स्वतःच दुकानाला फोन लावायच्या.

त्याच वर्षी कॉलेजात मेंटॉरची योजना आली. प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला मुलं दिली. आठवड्यातून एकदा त्यांना बोलवायचं, काय चाललंय विचारायचं, कुणी गप्प बसत असेल तर त्याला बोलतं करायचं. मुलाला लांबची रजा हवी असेल, तर तीही आता मेंटॉरनं हो म्हटल्यावरच मिळणार. मेंटॉरचं 'हो' नसेल तर हजेरी कापली जायची, आणि हजेरी कापली की परीक्षेला बसता येत नसे.

शिक्षकांनी नाकं मुरडली. वाणिज्य शाखेच्या एका सरांना सगळं कॉलेज तोफ म्हणायचं. त्यांचा वर्ग सुरू असला की खालच्या मजल्यावरच्या वर्गातही जमाखर्च शिकून व्हायचा. ते स्टाफरूममध्ये म्हणाले, "घरी माझी दोन कार्टी माझ्याशी बोलत नाहीत, आणि इथं मी लोकांची बोलती करू?" पण मुलं आली की त्यांना राहवत नसे. मुलगा खुर्चीत टेकायच्या आधीच तोफ सुरू व्हायची, "मी तुझ्या वयाचा असताना..." मुलगा खाली मान घालून ऐकायचा आणि पुढच्या आठवड्यात सर्दीचं कारण सांगायचा.

सरांची बसायची खोली प्रयोगशाळेच्या मागं होती. कपाटात बरण्या, बरण्यांमध्ये पिवळट पाण्यात ठेवलेली मुळं आणि शेंगा, टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि समोर एक स्टूल. त्या स्टुलावर मुलं येऊन बसू लागली. सर काहीच बोलायचे नाहीत. दोन्ही हात टेबलावर, मान जराशी एका बाजूला. चेहऱ्याकडे बघणं त्यांना जड जायचं, म्हणून ते मुलाच्या शर्टाच्या गुंडीकडे बघत बसायचे. मुलगा थांबला की म्हणायचे, "हं." त्या 'हं'ला काही अर्थ नव्हता. पण मुलांनी आजवर घरी आणि शाळेत इतकं ऐकून घेतलं होतं, की आपलं कुणीतरी मध्ये न तोडता ऐकतंय, यानंच ती हरखली. एकमेकांना सांगू लागली, "सरांकडे जा. ते मध्ये बोलत नाहीत." काही मुली तर रडूनही गेल्या. सर त्यांना पाण्याची बाटली पुढं करायचे आणि त्या गेल्या की बाटलीतलं पाणी कोण प्यायलं ते त्यांना आठवायचं नाही.

सहामाही संपली. मुलांनी आपापल्या मेंटॉरला गुण दिले. सर सगळ्या कॉलेजात पहिले आले.

प्राचार्यबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. बाई कामाच्या होत्या, आणि नवीन काही आलं की ते इतर कॉलेजांच्या आधी आपल्याकडे व्हावं असं त्यांना वाटायचं.

"सर, तुम्ही सगळ्या शिक्षकांना शिकवायचं. कार्यशाळा ठेवते आहे."

"मला त्यातलं काही येत नाही, मॅडम."

"बघा! हाच तुमचा मोठेपणा."

"खरंच येत नाही."

"सर, मी तुमच्या दाराच्या काचेतून बघितलंय. मुद्दाम उभी राहिले होते. तुम्ही कसे बसता, मान कशी ठेवता, नजर कुठं ठेवता. मुलाच्या डोळ्यांत थेट बघत नाही तुम्ही, दुसऱ्या गुंडीकडे बघता. त्यानं मुलावर दडपण येत नाही. हे कुठून शिकलात?"

सर गप्प राहिले. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. तेवढा त्यांच्याकडे नव्हता.

"हेच," बाई खूश होऊन म्हणाल्या. "आत्ता जे करताय ना, हेच सगळ्यांना दाखवायचंय."

घरी अक्कांना कळलं, तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "तू? ऐकायला शिकवणार? अरे, लोकांना वेड लागलंय का?"

"असेल," सर म्हणाले.

कार्यशाळा वरच्या मोठ्या हॉलमध्ये ठेवली होती. बाकं भिंतीला सरकवून खुर्च्या गोल मांडल्या होत्या. शिक्षकांना गोलात बसायची सवय नव्हती. सगळे मागच्या भिंतीजवळ जागा शोधत होते, आणि गोलाला मागची भिंतच नसते. चहा आला, बिस्किटं आली. प्राचार्यबाईंनी स्वतः बनवलेली छोटी पुस्तिका वाटली. मान कशी, हात कुठं, नजर कुठं, सगळं त्यात चित्रांसह होतं. चित्रातला माणूस टकला दाखवला होता. सरांना टक्कल नव्हतं, पण बाकी ते तेच होते.

"जोड्या करा," बाई म्हणाल्या. "एकजण मुलगा, एकजण मेंटॉर. मुलगा बोलेल. मेंटॉर फक्त ऐकेल. सर फिरून बघतील."

सर फिरू लागले. तोफेच्या समोर इंग्रजीच्या बाई मुलगी होऊन बसल्या होत्या.

"सर, मला अभ्यासात लक्षच लागत नाही," इंग्रजीच्या बाई बारीक आवाजात म्हणाल्या.

तोफेनं ओठ आवळून धरले. कपाळावरची शीर उडायला लागली.

"घरी कुणी मला समजूनच घेत नाही, सर."

"मोबाईल! मोबाईल आधी फेकून दे!" तोफ फुटली. सगळा हॉल हसला.

"अहो, बोलायचं नाही! गुंडीकडे बघा!" प्राचार्यबाई लांबून ओरडल्या.

"त्यांच्या अंगावर गुंडीच नाही हो, मी कुठं बघू?" तोफ कळवळून म्हणाली. "आणि मी गप्प बसलो तर ती सुधारणार कशी? माझं तोंड काय शोभेला दिलंय?"

लोक डोळे पुसत हसत होते. सर त्यांच्यामधून चालत होते. हॉलभर माणसं मान एका बाजूला झुकवून, हात पुढं ठेवून, समोरच्याच्या छातीकडे बघत बसली होती. एवढ्या सगळ्यांनी आपल्याच त्या मानेची नक्कल केली, हे सरांना दिसत होतं. विचित्र वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. पंख्याखाली उभं राहिल्यावर जेवढा वारा लागतो तेवढंच लागलं.

चहानंतर बाई म्हणाल्या, "आता खरं प्रात्यक्षिक. सरांच्या गटातला एक विद्यार्थी बोलावलाय. आपण फक्त बघायचं."

दारातून वाकून एक मुलगा आत आला. वाकला नसता तरी चाललं असतं, पण त्याला सवय लागली होती. होस्टेलवर त्याला लांबू म्हणत. दुसऱ्या वर्षाला होता. सरांच्या स्टुलावर सगळ्यात जास्त वेळा बसलेला हाच. म्हणूनच बाईंनी याला निवडलं होतं.

मध्ये दोन खुर्च्या ठेवल्या. लांबू बसला आणि गोलाकडे बघून त्याचे कान लाल झाले.

"घाबरू नकोस बाळा," बाई म्हणाल्या. "नेहमी सरांशी बोलतोस तसं बोल. आम्ही नाहीच असं समज."

"तेच बोलू का सर? नेहमीचं?"

सरांनी मान हलवली. हात गुडघ्यांवर ठेवले. मान एका बाजूला गेली. गुंडी निळी होती.

लांबू बोलू लागला. त्याचा आवाज सरांच्या कानाशी आला आणि नेहमीसारखा तिथंच थांबला. गुंडीच्या दोऱ्याचं एक टोक बाहेर आलं होतं. गोलातले शिक्षक एकेक करत गप्प होत गेले. कुणीतरी बिस्किटाचा कागद चुरगाळत होतं, तेही थांबलं. मग लांबू थांबला.

"हं," सर म्हणाले.

शांतता लांबली. प्राचार्यबाईंनी हळूच मान डोलावून सगळ्यांना दाखवलं, बघा, ही शांतता बघा.

तोफ पुस्तिका चाळत म्हणाली, "आता पुढची पायरी ना, सर? पान उलटल्यावर आहे. मुलानं जे सांगितलं ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं."

सरांनी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. निळी गुंडी आणि तिचा दोरा. त्यांनी आठवून बघितलं, जसं आपण खिशात हात घालून किल्ली चाचपतो तसं. मग ते म्हणाले, "परत सांग."

"वा," कुणीतरी म्हणालं, आणि लोकांनी पुस्तिकेच्या कडेला लिहून घेतलं की मुलाला परत सांगायला सांगावं.

लांबूनं गोंधळून बघितलं. मग सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं, त्यानं परत सांगितलं. या वेळी सरांनी मान सरळ केली आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. बघायला त्रास झाला, पण बघितलं.

"सर, आई मामाकडे आहे. तिच्या किडन्या गेल्यात. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, आता इथं ठेवून उपयोग नाही म्हणाले. मामाचा फोन येतो की ये. आई पण विचारते, कधी येतोस. बसनं अख्खा दिवस लागतो, एकदा गेलो की लगेच परत येता येणार नाही. म्हणून रजा मागत होतो."

"कुणाकडे?"

"तुमच्याकडे, सर."

"कधी?"

"सहामाहीच्या आधी मागितली. मग निकाल लागला तेव्हा. मग गेल्या आठवड्यात."

"मी काय म्हणालो?"

लांबूनं गोलाकडे एकदा बघितलं. उत्तर सांगितलं तर सरांचा अपमान होईल का, हे त्याला ठरवता येईना. "तुम्ही 'हं' म्हणालात, सर."

प्राचार्यबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं होतं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं.

"मग तू गेला का नाहीस?"

"तुम्ही हो म्हणाला नाहीत, म्हणून राहिलो. आणि नाही पण म्हणाला नाहीत, म्हणून परत परत येत होतो."

सर उठले. गुडघ्यांतून कट असा आवाज आला. "जा," ते म्हणाले. "आत्ता जा."

"सर, हजेरी?"

"हजेरीचं मी बघतो. जा तू."

"आज आता कशी बस मिळणार?" लांबू म्हणाला. इतके दिवस तो नीट बोलत होता, आता जायला मिळालं तेव्हा त्याला पुढं बोलता येईना.

"मिळते! दुपारची मिळते!" तोफ उभी राहिली. पुस्तिका खाली पडली. "मी नेतो स्टँडवर. चल रे! कपडे-बिपडे राहू दे, पाठवू मागून. सर, तुम्ही पण चला. अहो उठा की, उभे काय राहिलात!"

"अहो, पण सत्र..." प्राचार्यबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनाच आपलं बोलणं ऐकू आलं. "जा, जा. लवकर जा. अर्जाचं मागून बघू."

तोफेची गाडी जुनी होती. मागची काच वर जायची नाही. लांबू मागं गुडघे छातीशी घेऊन बसला. रस्ताभर तोफ बोलत होती. तिकीट मी काढतो, पोचलास की फोन कर, गाडीत झोप, खा काहीतरी, आईसमोर रडू नकोस. सर पुढं बसले होते. हा माणूस बोलतोय ते सगळं ऐकू येतंय, एकेक शब्द ऐकू येतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. चांगलं वाटलं असं नाही. कान दुखत होते.

बस लागलेलीच होती. लांबू खिडकीत बसला, आणि त्याचं डोकं वरच्या दांडीला लागत होतं. सर खिडकीखाली उभे राहिले.

"मला गुण पैकीच्या पैकी का दिलेस?"

लांबूला वाटलं सर रागावलेत. "खोटं नाही दिले, सर. मी आईबद्दल दुसऱ्या कुणाला सांगितलंच नव्हतं. तुमच्याजवळ सांगितलं की रात्री झोप यायची."

सर काहीतरी बोलणार होते. चालकानं गाडी सुरू केली. लांबू म्हणाला, "येतो सर," आणि बस गेली.

परतताना तोफ गप्प होती. सिग्नलला म्हणाली, "सर, एक विचारू? वहिनी गेल्यापासून तुम्ही..." आणि मग तिनंच विषय बदलला. "ब्रेक कमी लागतोय हो गाडीला. दाखवायला पाहिजे."

हॉलमध्ये खुर्च्या अजून गोलातच होत्या. शिक्षक गेले नव्हते. प्राचार्यबाई बाजूला सरकल्या. सर मधल्या खुर्चीत बसले. आता आपल्याला लाज वाटेल, असं त्यांना वाटत होतं. ते वाट बघत बसले. लाज आली नाही. मग ते म्हणाले, "पुस्तिकेत मान वाकडी ठेवायला सांगितलंय. ते मी करतो, कारण मला कुणाचं तोंड बघवत नाही. मी ऐकत नव्हतो. कुणाचंच. तुमच्या मुलांनी तुम्हाला काय सांगितलं ते तुम्हाला आठवतंय का, एवढं आधी बघा. माझ्याकडे शिकवायला दुसरं काही नाही."

कुणी लिहून घेतलं नाही. थोड्या वेळानं इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, "माझ्या गटातल्या एका मुलीचं मला काहीच आठवत नाहीये," आणि उठून बाहेर गेल्या. तोफही उठली. मग एकेक करत सगळे गेले, बहुतेक आपापल्या मुलांना शोधायला, काही चहाला.

सर संध्याकाळी घरी गेले. अक्का भाजी निवडत होत्या. सरांनी त्यांना सगळं सांगितलं, लांबूचं, तीनदा मागितलेल्या रजेचं, बसचं. अक्का निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकाच ढिगात टाकत राहिल्या.

"आई शुद्धीवर आहे ना पोराची?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ते मी विचारलं नाही."

"अरे, मग विचार की!"

सरांनी फोन लावला. लांबू बसमध्ये होता, आवाज तुटत होता. सकाळपर्यंत पोचेन म्हणाला.

सकाळी त्याचाच फोन आला. सर स्वयंपाकघरात उभे होते. लांबू म्हणाला, "सर, पोचलो. आई बोलत नाहीये. चार दिवसांपूर्वी बोलणं बंद झालं म्हणे. मामा म्हणतो, तोवर रोज माझं नाव घ्यायची. डोळे उघडते, पण मी कोण ते कळत नाही तिला."

चार दिवसांपूर्वी. गेल्या आठवड्यात 'हो' म्हटलं असतं तर. हे गणित सरांना लगेच कळलं, फळ्यावर लिहिल्यासारखं. त्यांनी ओट्याला हात टेकला.

"तिच्याजवळ बसलायस का?"

"हो."

"काही खाल्लंस?"

"नाही, सर."

"मामांना फोन दे. आणि मी ठेवणार नाही फोन. तू बोल. मी ऐकतोय."

लांबू फार बोलला नाही. मध्येच कुणीतरी त्याला हाक मारली, कुठंतरी नळ वाहत होता, एक बाई कुणाला तरी उशी आणायला सांगत होती. सर ते सगळं ऐकत उभे राहिले. अक्कांनी मागून येऊन खुर्ची सरकवून दिली, तीही त्यांना ऐकू आली.

हजेरीचं त्यांनी बघितलं. प्राचार्यबाईंनी एका शब्दानं विरोध केला नाही. मुलगा परीक्षेला बसला आणि बेताच्या गुणांनी पास झाला. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या मेंटॉरकडे गेला, तोफेकडे. सरांनी स्वतःच बदलून घेतलं. वरांड्यात समोर आला की तो नमस्कार करायचा आणि सर त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे.

त्या मुलाची आई, तो पोचल्यानंतरच्या बुधवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर, मामाच्या घरी वारली. मुलगा जवळ होता. तिनं त्याला ओळखलं नाही.